एक फिल्म, दोनदा: गौरेतर स्त्रियांचे लघुपट गटात कसे दाखवावेत

न्गोझी ओन्वुराच्या ‘कॉफी कलर्ड चिल्ड्रन’ या फिल्ममध्ये मुलं भांडी घासायच्या पावडरीनं स्वतःचं अंग घासतात. रंग जावा म्हणून. फिल्म १९८८ सालची, ब्रिटनमधली, जेमतेम पंधरा मिनिटांची. न्गोझीचे वडील नायजेरियन, आई गोरी ब्रिटिश, आणि गोऱ्या वस्तीत वाढताना जे सोसलं त्यातून ही फिल्म आलेली.

आमच्या गटात ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा दिवे लागता लागता एक बाई म्हणाल्या, “आमच्याकडे पावडर नव्हती, डाळीचं पीठ होतं.” खोलीत एकदम जीव आला. पुढची चाळीस मिनिटं गोरेपणाची क्रीमं, ‘गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे’ अशा जाहिराती, सावळ्या मुलीला दाखवायच्या वेळी लावलेला पावडरचा थर, यावर सगळ्या भरभरून बोलल्या. चर्चा छान झाली असं मलाही वाटलं. निघता निघता सहज विचारलं, “त्या मुलीबरोबर अजून कोण अंग घासत होतं?” कुणालाच आठवेना. तिथे तिचा भाऊ होता. वीस बायकांनी मिळून त्या मुलाला फिल्ममधून काढून टाकलं होतं, कारण आपल्या डोक्यात रंगाचा प्रश्न मुलीच्या लग्नाशी बांधलेला आहे. ब्रिटनमधल्या त्या रस्त्यावर तो लग्नाचा प्रश्नच नव्हता. तिथे मुलाच्या कातडीलाही तोच त्रास होता.

आम्ही फिल्म परत लावली. दुसऱ्यांदा बघताना खोली वेगळीच होती.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: फिल्म दोनदा बघायची, आणि दोन वेळांच्या मध्ये गप्प बसायचं. पहिल्या वेळी आपण स्वतःलाच बघतो, दुसऱ्या वेळी समोरची बाई दिसायला लागते. अडीच तासांच्या सिनेमाबाबत हे शक्य नाही, लघुपटाबाबत सहज शक्य आहे. खाली जे लिहिलंय ते या नियमाभोवती जमलेलं आहे. तुमचं वाचनालय असो, महिला मंडळ, कॉलेजचा फिल्म क्लब किंवा घरचा हॉल, थोडाफार बदल करून वापरता येईल.

शब्द आधी ठरवा

‘विमेन ऑफ कलर’, म्हणजे गोऱ्या नसलेल्या सगळ्या वंशांच्या स्त्रिया. त्यांना मराठीत काय म्हणायचं? ‘रंगीत स्त्रिया’ म्हटलं की हसू येतं. ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं तर जपानी वंशाची अमेरिकन, पॅलेस्टिनी, भारतीय वंशाची ब्रिटिश या सगळ्या बाहेर राहतात. मी ‘गौरेतर’ वापरते. त्यात गोऱ्यांनाच मापदंड धरल्यासारखं होतं, हे मला खटकतं, पण दुसरा सुटसुटीत शब्द अजून सापडलेला नाही. बोलताना सरळ ‘विमेन ऑफ कलर’ म्हणा, लोकांना कळतं.

हा शब्द कुठून आला ते मात्र दोन वाक्यांत सांगा. १९७७ साली अमेरिकेत ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मागण्यांशी इतर अल्पसंख्य स्त्रियांनी आपल्या मागण्या जोडल्या आणि या एकजुटीचं नाव म्हणून तो पुढे आला. म्हणजे तो कातडीच्या छटेचं वर्णन करत नाही, एकत्र उभं राहण्याचा करार सांगतो. ‘कलर्ड’ हा शब्द मात्र वापरू नका. अमेरिकेत तो वेगळ्या बाकांचा, वेगळ्या नळांचा शब्द होता आणि दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारनं केलेला एक कायदेशीर वर्ग. ओन्वुरानं तो शीर्षकात घेतलाय तो मुद्दाम, टोचावा म्हणून.

फिल्म निवडताना

एका संध्याकाळी एकच मुख्य फिल्म घ्या, पाच नको. सुरुवातीला मी पाच लावल्या होत्या, सलग. तिसरीनंतर लोक सुन्न झाले आणि चौथी चालू असताना एक मुलगी उठून गेली ते माझ्या लक्षातही आलं नाही. ती जिन्यात बसलेली मला कार्यक्रम संपल्यावर सापडली. ती चूक माझी होती, आणि पुढची निम्मी काळजी त्या जिन्यातून शिकलेली आहे.

फिल्म निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: या बाईनं न बोलता येणारी गोष्ट बोलता यावी म्हणून कॅमेऱ्याची काय मांडणी केली? ज्या फिल्ममध्ये याचं उत्तर स्पष्ट दिसतं ती गटासाठी चांगली. ‘मी दुखावले, मी सावरले’ असं नुसतं सांगणारी फिल्म कितीही प्रामाणिक असली तरी दुसऱ्यांदा बघताना तीत नवं काही सापडत नाही.

काही फिल्म्स, ज्यांच्यावर भरवसा ठेवता येईल:

‘सुझॅन, सुझॅन’ (१९८२, २६ मिनिटं). कमील बिलॉप्सनं जेम्स हॅचबरोबर केलेली, कृष्णधवल. सुझॅन ही कमीलची भाची, हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर येणारी. वडील तिला मारायचे, आणि आईलाही. फिल्मचा गाभा एका दृश्यात आहे. मायलेकी दोघीही कॅमेऱ्याकडे तोंड करून, मुलगी पुढे, आई तिच्या मागे. मुलगी प्रश्न विचारते, आई उत्तर देते, पण दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. समोरासमोर बसून जे वर्षानुवर्षं बोलता आलं नाही ते या मांडणीत निघतं, आणि आईचा बांध फुटतो. स्वयंपाकघरात पाठमोरं उभं राहून आईशी बोललेल्या प्रत्येकीला हे दृश्य आतून कळतं. २०१६ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या फिल्म्सच्या राष्ट्रीय यादीत, या फिल्मची नोंद झाली.

‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ (१९८८, पंधरा मिनिटं). मोना हातूम ही पॅलेस्टिनी आईबापांची, बैरूतमध्ये जन्मलेली. लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ती लंडनमध्ये अडकली. फिल्ममध्ये आईची न्हाणीघरातली छायाचित्रं आहेत आणि त्यांच्यावर आईच्या पत्रांची अरबी अक्षरं पडद्यासारखी पसरलेली. मोना ती पत्रं इंग्रजीत वाचते, आणि मागे मायलेकींच्या जुन्या गप्पा, हसणं, अरबीत चालू असतं. या फिल्ममध्ये नग्नता आहे. ती का आहे आणि कुणी कुणाला दिलेली आहे, हे दुसऱ्यांदा बघताना आपोआप समजतं. पहिल्यांदा बघणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

‘हिस्टरी अँड मेमरी’ (१९९१, ३२ मिनिटं). रिया ताजिरीची. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत कोंडलं. रियाचं कुटुंब ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत होतं. आईला त्यातलं फारसं काही आठवत नाही. मुलीच्या मनात मात्र एक चित्र आहे: वाळवंटात आई नळावर पाण्याची बाटली भरते आहे. कुणीही न काढलेला तो फोटो मुलगी स्वतः चित्रित करते. फिल्म थोडी लांब आहे आणि वरून धावणारा मजकूर, जुने सिनेमे, सरकारी फिल्म्स यांची गुंफण असल्यामुळे नवख्या गटाला जड जाते. तिसऱ्या-चौथ्या भेटीला घ्या. मला स्वतःला या यादीत हीच सगळ्यात जवळची वाटते.

‘अ लव्ह साँग फॉर लताशा’ (२०१९, १९ मिनिटं), सोफिया नाहली ॲलिसनची. १६ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला दुकानदार बाईनं संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून गोळी घातली. दुकानातल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं ते दृश्य तेव्हा टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. ॲलिसननं ते दाखवायचं नाही असं ठरवलं. तिच्या फिल्ममध्ये लताशाची नात्यातली बहीण आणि मैत्रीण बोलतात, ऊन असतं, मुली असतात, आणि त्या क्षणापाशी चित्रं ॲनिमेशनमध्ये विरघळतात. पहिल्या भेटीसाठी मी हीच सुचवेन. ऑस्करचं नामांकन मिळालेलं असल्यामुळे घरच्यांना समजावणंही सोपं जातं.

याशिवाय प्रतिभा परमारची ‘सारी रेड’ (१९८८, बारा मिनिटं) आहे. १९८५ साली इंग्लंडमध्ये वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या कलबिंदर कौर हायर या तरुणीच्या आठवणीतली. साडीचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग. आपल्याकडच्या बायकांना तिच्यासाठी काही समजावून सांगावं लागत नाही. ट्रेसी मॉफटची ‘नाइट क्राइज’ (१९९०) ऑस्ट्रेलियातली: आदिवासी मुलगी आपल्या मरणाला टेकलेल्या गोऱ्या दत्तक आईची सेवा करते. संवाद जवळपास नाहीत, त्यामुळे उपशीर्षकांचं काम वाचतं. पण आदिवासी मुलांना सरकारनं घरातून उचलून नेण्याचा इतिहास आधी सांगितला नाही तर फिल्म हातातून निसटते. आणि बार्बरा मॅककलॉची ‘वॉटर रिच्युअल नंबर १’ (१९७९), सहाएक मिनिटांची, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, महामार्गासाठी घरं पाडून ओसाड टाकलेल्या जागी एका बाईनं केलेला शुद्धीचा विधी. ती शेवटी त्या मातीत लघवी करते. हे आधी सांगा, आणि हसू आलं तरी चालेल असंही सांगा. दुसऱ्यांदा कुणी हसत नाही.

प्रत आणि परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. इंटरनेटवर कुठेतरी चढवलेली अंधूक प्रत उतरवून दाखवणं म्हणजे आयुष्यभर पैशासाठी झगडलेल्या बायकांचं काम फुकट वापरणं. यातल्या बऱ्याच फिल्म्स न्यूयॉर्कच्या ‘विमेन मेक मूव्हीज’ या १९७२ पासूनच्या संस्थेकडे किंवा ‘थर्ड वर्ल्ड न्यूजरील’कडे मिळतात. ईमेल लिहा: गट किती जणांचा, तिकीट आहे की नाही, तारीख, गाव, किती खेळ. ‘आम्ही ती एकाच संध्याकाळी दोनदा दाखवणार आहोत’ हेही लिहा, म्हणजे तो एक खेळ धरायचा की दोन ते आधीच स्पष्ट होतं. दर परवडणारा नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा आणि तुमचं बजेट कळवा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

‘लताशा’ नेटफ्लिक्सवर आहे. स्वतःच्या काही माहितीपटांना नेटफ्लिक्स शैक्षणिक, विनातिकीट खेळासाठी मुभा देतं. तुम्हाला हव्या असलेल्या शीर्षकाला ती आहे का, आणि कोणत्या अटींवर, हे त्यांच्या माध्यमांसाठीच्या पानावर तपासून घ्या. घरात मैत्रिणींना बोलावून बघणं वेगळं आणि सभागृहात फलक लावून दाखवणं वेगळं. आपल्याकडे सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपट कायद्यानुसार प्रमाणपत्र किंवा सूट लागते. म्हणून आम्ही निमंत्रितांपुरतं, विनातिकीट, आणि हक्कधारकाच्या लेखी परवानगीनं दाखवतो. तुमच्या बाबतीत शंका असेल तर एखाद्या जुन्या फिल्म सोसायटीतल्या माणसाला विचारा, ही मंडळी मनापासून मदत करतात.

मराठी उपशीर्षकं

इथे वेळ द्या. गटात इंग्रजी कळणाऱ्या आणि न कळणाऱ्या अशा दोन्ही बायका असतील तर उपशीर्षकांशिवाय खोलीचे दोन तुकडे पडतात, आणि इंग्रजीवाल्या हळूहळू समजावणाऱ्या होऊन बसतात. आधी हक्कधारकाला विचारा, आम्ही आमच्या खेळापुरती मराठी उपशीर्षकं जोडली तर चालेल का. आम्हाला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

काम असं चालतं. इंग्रजी उपशीर्षकांची फाइल मिळाली तर तीच घ्या, वेळा आयत्या मिळतात. नसेल तर ‘सबटायटल एडिट’ किंवा ‘एजीसब’ ही मोफत सॉफ्टवेअर वापरा. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत चाळीसेक अक्षरं. कोणतंही वाक्य दीड सेकंदापेक्षा कमी वेळ पडद्यावर ठेवू नका. फाइल जतन करताना ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर पडद्यावर चौकोनच चौकोन. फिल्म चालवायच्या ‘व्हीएलसी’ प्लेयरमध्ये उपशीर्षकांसाठी देवनागरी नीट जोडणारा टंक निवडा, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. जोडाक्षरं तुटतात का ते बघायला ‘क्षणार्धात’, ‘स्त्रियांच्या’, ‘दुष्कर्म’ अशा शब्दांची एक चाचणी-ओळ टाका. आणि शेवटची कसोटी म्हणजे घरातल्या ज्येष्ठ बाईला समोर बसवा. त्यांचं वाचून व्हायच्या आत ओळ गेली तर ती लांब आहे, छाटा.

भाषांतराचं म्हणाल तर एक उदाहरण जवळून सांगते. ‘सुझॅन, सुझॅन’मध्ये मार मिळण्याआधीच्या त्या वाट बघण्याला सुझॅन ‘डेथ रो’ म्हणते. पहिल्या खर्ड्यात मी ‘मृत्युदंडाची रांग’ लिहिलं. अर्थ बरोबर, पण लहान मुलीच्या तोंडचा नव्हे. मग ‘फाशीची कोठडी’ केलं. ते जवळ आलं, कारण ‘कोठडी’त बंद दार आहे आणि वाट बघणं आहे. आमच्यातल्या एका शिक्षिकेनं सुचवलं, “‘फाशीची पाळी’ लिहा ना. आम्ही बहिणी म्हणायचो, आज कोणाची पाळी.” चर्चा झाली आणि आम्ही ‘कोठडी’च ठेवलं, कारण सुझॅनचं वाट बघणं हे एका जागी अडकलेलं वाट बघणं आहे. पण त्या अर्ध्या तासात आम्ही चौघी त्या फिल्मच्या जितक्या आत गेलो तितक्या नुसतं बघून गेलो नसतो. म्हणून सांगते, भाषांतर एकटीनं करू नका. दोघी-तिघी मिळून करा, आणि त्यांना कार्यक्रमाआधी फिल्म माहीत झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका; चर्चेत त्याच आधार होतात.

काही ठिकाणी भाषांतर करायचंच नाही. ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’मधल्या अरबी गप्पांना मोनानं स्वतः इंग्रजी दिलेलं नाही. त्या तशाच अनोळखी ठेवा, फक्त वाचली जाणारी पत्रं मराठीत आणा. न कळणाऱ्या भाषेतलं मायलेकींचं हसणं ऐकू येणं हाच तिथला अनुभव आहे. आणि अक्षरांवर अक्षरं चढून चित्र झाकलं जात असेल तर उपशीर्षकं टाकूच नका. पत्रांचं मराठी भाषांतर आधी दिवे चालू असताना कुणीतरी सावकाश वाचून दाखवा, मग फिल्म लावा.

खोली

प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, भिंतीवर इस्त्री केलेली पांढरी चादर चालते. पैसे थोडेच असतील तर ते आवाजावर खर्च करा. या फिल्म्समध्ये बायका हळू बोलतात, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर कुजबुज आणि पंखा यांत फरक राहत नाही. दोन बरे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. आदल्या दिवशी सगळी फिल्म त्याच खोलीत, त्याच यंत्रावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघा. वीज जाण्याची सोय आधी करा; सुझॅनच्या त्या दृश्यात वीज गेली तर ती संध्याकाळ परत जुळत नाही.

खुर्च्या अर्धगोलात मांडा. दाराकडची वाट मोकळी ठेवा, म्हणजे उठणाऱ्या बाईला कुणाचे गुडघे ओलांडावे लागणार नाहीत. दाराजवळ गटातली एक जण बसवा, तिचं काम एवढंच: कुणी बाहेर गेलं की दोन मिनिटांनी पाणी घेऊन जाणं. प्रश्न विचारायचे नाहीत, जवळ बसायचं. बाहेर प्रकाश असलेला कोपरा आणि दोन खुर्च्या ठेवा. जिना नको.

आधी काय सांगायचं

तीन मिनिटं, जास्त नाही. कुणी, कधी, कुठे केली ती फिल्म. आत काय आहे ते नेमक्या शब्दांत: “वडील मुलीला आणि बायकोला मारायचे याबद्दल दोघी बोलतात, मारहाण दिसत नाही.” असं नेमकं सांगितलं की लोक निश्चिंत होतात; ‘संवेदनशील विषय आहे’ एवढंच म्हटलं तर भलभलत्या शंका येतात. मग सांगा की उठून जायला हरकत नाही, कारण द्यायचं नाही, आणि इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील. मोबाइल बंद, चित्रीकरण नाही.

फिल्मचा ‘संदेश’ सांगू नका. मी एकदा प्रस्तावनेत अर्धा तास बोलले आणि नंतर सगळ्यांनी माझीच वाक्यं मला परत दिली.

पहिली वेळ, शांतता, दुसरी वेळ

फिल्म संपली की दिवे लगेच लावू नका. नामावली पूर्ण जाऊ द्या. मग एकच मंद दिवा. प्रत्येकीला पोस्टकार्डाएवढा कागद आणि पेन्सिल, आणि पाच मिनिटं पूर्ण गप्प. कागदावर ‘मला काय वाटलं’ लिहायचं नाही. एकच गोष्ट लिहायची, डोळ्यांनी पाहिलेली किंवा कानांनी ऐकलेली: एखादा हात, एखादा रंग, एखादा आवाज. ज्यांना लिहायला अवघड जातं त्यांनी चित्र काढावं. आमच्यातल्या एक आजी कायम फक्त रेघा काढतात आणि त्यांच्या रेघांवरून बरोबर कळतं फिल्म कुठे वळली.

पाच मिनिटं लांब वाटतात. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी कुजबुजतं, कुणी पर्स उघडतं. घड्याळ तुमच्या हातात ठेवा आणि सांभाळा. मग कागद वाचायचे, त्यावर काहीही न बोलता, एकापाठोपाठ एक. ‘आईचे मिटलेले ओठ.’ ‘तिचा आवाज कापला नाही.’ ‘ऊन.’ वीस कागद दहा मिनिटांत होतात. आता चहा नको. लगेच फिल्म परत लावा.

दुसऱ्या वेळी प्रत्येकीनं दुसरीच्या कागदावरची एखादी गोष्ट शोधायची. एवढंच सांगा. आपल्या नजरेतून सुटलेलं दुसरीच्या डोळ्यांनी बघायला मिळतं, आणि कथा आधीच माहीत असल्यामुळे मांडणी दिसायला लागते: कॅमेरा कुठे उभा आहे, कोण कुणाकडे बघत नाही, कुठे कापलं, काय दाखवायचं टाळलं. बरं होण्याचं काम या बायकांनी तिथे केलेलं आहे. बिलॉप्सनं मायलेकींना एकमेकींकडे पाहण्यापासून सोडवलं. ॲलिसननं गोळीचं दृश्य दाखवण्यातून लताशाला सोडवलं. ताजिरीनं आईला आठवण्याच्या सक्तीतून सोडवलं आणि ते चित्र स्वतः करून तिला दिलं.

आता चहा.

बोलताना

‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारू नका, ‘छान’ किंवा ‘डिप्रेसिंग’ यापलीकडे उत्तर येत नाही. असं विचारा: पहिल्यांदा न दिसलेलं काय दिसलं? कोणती गोष्ट मुद्दाम दाखवली नाही? ही फिल्म त्या घरातल्याच बाईऐवजी परक्यानं केली असती तर कॅमेरा कुठे ठेवला असता? शेवटचा प्रश्न माझा लाडका आहे, तो कधी वाया गेलेला नाही.

कुणी सलग बोलत राहिलं तर कागदाकडे परत न्या: “ते कुठे दिसलं तुम्हाला?” कुणी स्वतःचं काही सांगायला लागलं तर थांबवू नका, पण उकरूही नका. सल्ला देणाऱ्यांना मात्र हळूच आवरा. “तुम्ही असं करायला हवं होतं” हे वाक्य आमच्याकडे चालत नाही, आणि ते पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं.

तुलना दुसऱ्या वेळेनंतर. तिला बंदी नाही, घाई नको एवढंच. आणि तुलना करायचीच तर पक्क्या जमिनीवरून करा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी मराठीत जे स्वतःबद्दल लिहिलं, त्यात शरीर, घर, मार, भूक, आणि आईशी न बोललेलं बोलणं हे सगळं आहे. आमच्या गटात ‘सुझॅन’नंतर यातलीच पानं वाचली गेली, आणि कुणाच्याही अनुभवाला दुसऱ्याच्या साच्यात कोंबावं लागलं नाही. जात आणि वंश एकच नव्हेत, हे गटातल्या दलित मैत्रिणींना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागू नये, ही जबाबदारी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईची. सावळेपणाच्या आपल्या गोष्टीही येऊ द्या. फक्त त्या भावाला विसरू नका.

कुणाला आवरलं नाही तर

रडू येणं म्हणजे कार्यक्रम यशस्वी असं समजू नका. रडणाऱ्या बाईभोवती गर्दी नको, शेजारची एक पुरे. तिला बोलायचं नसेल तर खोलीचं लक्ष तिच्यावरून काढून घ्या, कागदावरची पुढची गोष्ट घ्या. निघताना सगळ्यांना दोन नंबर छापलेली चिठ्ठी द्या, सगळ्यांनाच, म्हणजे एकटीला द्यावी लागत नाही: मानसिक आधारासाठी सरकारी ‘टेलि-मानस’ १४४१६, आणि महिला हेल्पलाइन १८१. दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या मैत्रिणीनं एक फोन करायचा. ‘पोचलात ना नीट?’ एवढाच.

पुढची भेट

परवानगी ठराविक दिवसांची असेल तर फाइल पुसून टाका आणि हक्कधारकाला चार ओळी कळवा: किती जणी आल्या, काय बोलल्या. तुमच्या गावात फिल्म पोचली हे त्यांना समजतं, आणि पुढच्या वेळी दर बोलणं सोपं जातं. कागद जपून ठेवा, नावांशिवाय.

तीन-चार भेटींनंतर कुणीतरी म्हणेलच, आपणही करू या का. मग ताजिरीच्या वाटेनं जा. प्रत्येकीनं घरातला न काढलेला एक फोटो आठवायचा, म्हणजे जो क्षण ऐकून माहीत आहे पण कुठेच टिपलेला नाही. तो मोबाइलवर, मोबाइल हलू न देता, एका मिनिटाच्या आत चित्रित करायचा. चेहरा दाखवायची सक्ती नाही, संगीत नाही, वर लिहिलेलं काही नाही. आवाज तिथलाच.

आमच्याकडे पहिली आली ती ४० सेकंदांची होती. चुलीसमोर पाट, पाटावर कुणी नाही, बाजूला झाकून ठेवलेलं ताट. मागे घरातले बाकीचे लोक जेवतायत त्याचा आवाज. करणारी म्हणाली, “आजी शेवटी जेवायची. ती जेवताना मी तिला कधी पाहिलंच नाही.” आम्ही ती बघितली, पाच मिनिटं कागद घेऊन बसलो, आणि परत लावली. दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं की ताटावरचं झाकण किंचित सरकलेलं आहे.